सरको अम्मा

आमच्या हिच्याबरोबर मी शेवटच्या दिवशी काय केलं म्हणाल, तर सिटी बसमध्ये अर्ध्या बुडावर बसलो. बाकडं दोघांचं, आम्ही दोघं. पण कोठीच्या थांब्यावर एक म्हातारी टोपली घेऊन चढली आणि हिनं मला कोपर हाणलं. “सरका.”

“कुठं सरकू? खिडकीतून बाहेर पडू?”

“सरका म्हणते ना. जागा होते.”

झाली. म्हातारी बसली, टोपली माझ्या मांडीवर आली. टोपलीत जिवंत कोंबडी.

बायको माझी सुभद्रा, पण हैद्राबादच्या आमच्या गौलीगुड्यात तिला सगळे ‘सरको अम्मा’ म्हणायचे. कुठंही चार माणसं बसलेली दिसली की हिच्या तोंडून तो शब्द सुटलाच. लग्नाच्या पंगतीत माणसं इतकी सरकवायची की टोकाचा पाहुणा पत्रावळीसकट चुलीजवळ पोचायचा. तेव्हा बाजार नुकता खुला झाला होता म्हणे. शेजारच्या मास्तरानं हप्त्यावर रंगीत टीव्ही आणला, तिघांचा सोफा आणला. हिनं त्यावर सहा बायका बसवल्या. सोफ्याचं पोट फाटलं, मास्तर रडकुंडीला आला. ही म्हणाली, “कंपनीनं माणसं बघून करायला नको का?”

इतकी वर्षं हैद्राबादेत काढली, पण तेलुगू आलं नाही, उर्दूही अशीतशीच. ‘जागा’ हा शब्द तेवढा पक्का. मराठीत जागा, उर्दूत जागा, तेलुगूत पण जागा. कंडक्टर ओरडायचा, “अम्मा, जागा लेदु!” हिला जागा कळायचं, लेदु कळायचं नाही. नाही हा शब्द हिला कुठल्याच भाषेत कळला नाही.

त्या दिवशी आम्ही नल्लकुंट्याला मतिमंद मुलांच्या शाळेत चाललो होतो. वरच्या खोलीत रिक्षावाला नरसिंग राहायचा, त्याची ललिता. पोर हसरी, पण बोलणं उशिरा, चालताना तोल जायचा. साधी शाळा घेईना. ही शाळा म्हणजे एका घराचा एक हॉल. नरसिंग दोनदा जाऊन आला, दोनदा तेच ऐकून आला. मग ही उठली. मला धरलंन.

हेडबाई म्हणाली, “अम्मा, जागा नहीं है. कल आखरी दिन, परसों से नाम बंद.”

हिनं हॉलभर नजर फिरवली. पोरं दाटीवाटीनं बसलेली, आणि कोपऱ्यात हत्तीएवढं लोखंडी कपाट. किल्ली हरवलेली. आत काय आहे कुणाला ठाऊक नाही.

“ये सरको.”

“वो नहीं सरकता, अम्मा. हम सब कोशिश करके बैठे.”

“हमारे ये सरकाते,” माझ्याकडे बोट. “जनम भर भांडे उठाए. कल सुबह आते.”

माझं भांड्यांचं दुकान, खरं. पण तांब्या उचलणं वेगळं आणि हत्ती उचलणं वेगळं. मी डोळे वटारले. हेडबाई हसली. “कपाट हटा, तो बच्ची को बिठा देंगे.”

परतीच्या बसमध्ये मी भांडलो. “दुनियेच्या पोरांचं तुला काय पडलंय?” ही खिडकीशी बसली, आणि दोघांच्या मध्ये वीतभर जागा सोडलेली. ही तिची आणखी एक खोड. मला टोकाला ढकलायचं आणि मध्ये थोडी मोकळी ठेवायची. घरी, देवळात, सगळीकडं. मी चिडायचो.

आमची कुसुम ललितेसारखीच होती. तिच्या वेळी अशी शाळा एकच होती, लांब, आणि तिथंही जागा नव्हती. दाराच्या उंबऱ्यावर बसून रस्ता बघायची. पंधराव्या वर्षी गेली. दोघांच्या मध्येच बसायची ती.

घरी आल्यावर ही जेवली, जरा पडते म्हणाली, आणि उठली नाही. डॉक्टरानं छातीला नळी लावली, काढली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भादरलेल्या डोक्याला पंचा गुंडाळला. भावजय दारात आडवी आली. “भाऊजी, सुतकात कुठं निघालात?”

“कपाट सरकवायला.”

तिनं तोंडावर पदर घेतला. तिला वाटलं, गेलं म्हाताऱ्याचं डोकं.

नरसिंग आणि ललितेला घेऊन मी बसमध्ये चढलो. सवयीनं टोकाला बसलो. नरसिंग म्हणाला, “काका, आराम से बैठो. जागा है ना.” होती. नको तेवढी होती.

शाळेत कपाटाला खांदा लावला. नरसिंगनं दुसऱ्या बाजूनं जोर केला. ते करकरलं, अडलं, मग एकदम हललं. ढकलत ढकलत व्हरांड्यात नेलं. खालची फरशी नव्यासारखी लाल निघाली. ललिता डुलत डुलत गेली आणि बरोबर त्या लाल चौकोनात फतकल मारून बसली. शेजारी आणखी एखादं पोर मावेल एवढी जागा उरली होती.

हेडबाई खूश. “अम्मा को बोलो, जागा हो गई.”

नरसिंगनं मान खाली घातली. मी पंचा सारखा केला.

“बोलतूं,” म्हणालो.