किसनरावांनी पकडलेला ठग

बिनतिकीट माणूस किसनरावांना बसच्या पायरीवरच ओळखू यायचा. "मले फसवणारा अजून पैदा व्हायचा हाय!" असं हे निवृत्त कंडक्टर चिखलीच्या त्यांच्या गल्लीत छाती फुगवून सांगत. त्यामुळे लेकीला, मयुरीला, मालदीवच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली तेव्हा अख्ख्या गल्लीने पेढे खाल्ले आणि किसनरावांनी पेढा हातातच धरून विचारलं, "बेटावर शाळा? तिथं पोरं कुठून येत असतीन?"

नेमणुकीचं पत्र आलं, ते त्यांना खोटं वाटलं. तिकडच्या मुख्याध्यापिकेने व्हिडिओवर नमस्कार केला, तर तिच्यामागचा समुद्र त्यांना पडदा वाटला! आता वर्क व्हिसासाठी फक्त पोलिसांचा दाखला राहिला होता. तो महिनाअखेरीस पोचला नाही, तर नोकरी दुसऱ्या कुणाला जाणार होती. सकाळी कामावर निघताना मयुरीने बजावलं, "बाबा, आज चौकशीले पोलीस येतीन. नीट बोलजा!"

दुपारी मोटरसायकलवरून एक माणूस उतरला. चौकड्यांचा शर्ट, पायांत चपला. शेजारच्या कोकिळाबाईंना विचारू लागला, "मयुरी पोरगी कशी हाय? काही भानगड?" हे ऐकताच मयुरीच्या आईने, जनकाबाईंनी, डोक्यावर पदर घेतला आणि पोहे भिजवले. अनोळखी माणूस लग्नाच्या पोरीबद्दल विचारतो, म्हणजे सोयरीकच की!

"पोरगी लय गरीब हो," पाहुण्यापुढे बशी ठेवत त्या म्हणाल्या. "परदेश तर सोडा, बुलडाण्याले जा म्हटलं तरी नको म्हणते!"

पाहुण्याचा पेन थांबला. "मंग व्हिसा कायले पाह्यजे तिले?"

किसनरावांचे कान टवकारले. ह्याला व्हिसाचं कसं ठाऊक?

"तुमी कोण?"

"पोलीस ठाण्यातून आलो, काका. आधारची झेरॉक्स द्या, फोटो द्या."

पोलीस! चपला घालून! आणि आल्या आल्या आधार मागतो! आजकालचे ठग पहिले पोलीसच होतात, हे किसनरावांना तोंडपाठ होतं.

"ओळखपत्र?"

"वर्दीच्या खिशात राह्यलं."

"असू द्या, असू द्या. पोहे खा, कागदं आणतो," म्हणत ते गोड हसले, खोलीबाहेर आले आणि हळूच कडी घातली! मग ठाण्यात फोन.

"साहेब, किसनराव कंडक्टर बोलतो. नकली पोलीस पकडला! खोलीत कोंडला!"

"शाब्बास काका! सोडू नका त्याले. आमचे जमादार तुमच्याच गल्लीत हायेत, आत्ता पाठवतो."

किसनराव मिशीवर ताव देत दाराशी पहाऱ्याला बसले. तेवढ्यात आत फोन वाजला.

"जी साहेब... ठग?... किसनराव कंडक्टरच्या घरी?... साहेब, मी तं पोचलो. आतमंदीच हाय!"

किसनरावांचा मिशीवरचा हात खाली आला. त्यांनी कडी काढली, तोच कामावरून परतलेली मयुरी दारात आली. सगळं ऐकून तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबा, आता कोण देईन मले दाखला?"

किसनरावांनी हात जोडले. "चूक मायी हाय, साहेब. पोरीवर राग काढू नका. एकुलती एक हाय, कोणी फसवून नेलं तं काय करू, याच भेवानं झोप नव्हती मले."

जमादारांनी उरलेले पोहे शांतपणे संपवले. मग कागदावर सही ठोकली. "पोरीविरुद्ध काही नाही. जाऊ द्या तिले."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जमादार चपला घालता घालता थांबले.

"काका, पुढं लेकीले भेटाले मालदीवले जासान, तं तुमाले पासपोर्ट काढा लागीन. त्याची चौकशी मायाकडेच येते!"

किसनरावांनी घाईघाईने आत हाक मारली, "अवं जनका, साहेबाले अजून पोहे दे!"