साहेबांची बोली

“अहो काका, आधीची बोलीसुद्धा तुमचीच आहे!” हातोडीवाले गृहस्थ माइक बाजूला सारून ओरडले.

“मग? ती कमी पडली,” नाना तिरोडकर म्हणाले आणि त्यांनी नंबराची पाटी पुन्हा वर केली. “पंचावन्न हजार एक!”

“वरचा एक चालत नाही!”

“शुभ असतो तो.”

फोर्टातल्या त्या थंडगार हॉलमध्ये झुंबरं आणि जुनी घड्याळं घ्यायला आलेली श्रीमंत मंडळी माना वळवून आमच्याकडे बघत होती. मी खुर्चीखाली मावतो का, याचा अंदाज घेत होतो.

लिलाव होता एका लढाऊ वैमानिकाच्या पदकांचा. एकाहत्तरच्या युद्धात गाजलेले, नानांच्या प्रत्येक गोष्टीत असलेले साहेब, आता हयात नाहीत. घरच्यांनी पदकं विकायला काढलेली. नानांनी पेपरात वाचलं आणि शेजारधर्म म्हणून मला उचललं. “सुऱ्या, चल रे. साहेबांक बघून येऊ.” बघून येऊ! दारात फॉर्म भरून घेऊन पाटी दिली, ती मी चहाचं कुपन समजून त्यांच्या हातात ठेवली. आता हातोडी पडली तर लालबागची एकुलती एक खोली विकून नानांना माझ्याच गॅलरीत पथारी टाकावी लागणार होती.

नाना तरुणपणी हवाईदलात होते. विमान उडवणारे नव्हेत, उडवणाऱ्याला बांधणारे. वैमानिक आत बसला की खांद्यावरचे पट्टे आवळायचे, दोन थापा मारायच्या आणि शिडी काढून घ्यायची. शिडी गेली, सवय राहिली. चाळीतून कुणीही बाहेर निघालं की नाना जिन्यात आडवे. “पट्टा घट्ट?” दप्तराचा असो, चपलेचा असो की हेल्मेटचा. मग खांद्यावर दोन थापा आणि “सूट!” माझ्या लग्नाला निघताना या थापांनी मी असा काही बसलो की फोटोत नवरी माझ्यापेक्षा वीतभर उंच दिसते. वरच्या मजल्यावरच्या कांबळेकाकांना स्ट्रेचरवरून नेताना नानांनी अॅम्ब्युलन्स अडवून पट्टा सोडला आणि स्वतः बांधला. काका बरे होऊन परत आले, पण पट्ट्याचा वळ अजून दाखवतात.

नानांचं दुसरं खातं लिलावाचं. चाळीच्या सत्यनारायणानंतर देवापुढच्या नारळ-केळ्यांची बोली चाळीस वर्षं तेच पुकारतात. नियम एकच: देवापुढची वस्तू पहिल्या बोलीत सुटता कामा नये. कुणी वाढवलं नाही, तर नाना स्वतःच्याच बोलीवर बोली चढवतात. एकदा एका फणसावरून त्यांची स्वतःशी एवढी जुंपली की शेवटी “घे बाबा, तूच घे” म्हणून ते स्वतःवरच रुसून बसले.

आता हे फोर्टात कुणाला ठाऊक? पदकांची पेटी पुढे आली तेव्हा एकही हात वर गेला नव्हता. कुणी मोबाइलात, कुणी जांभई देत. “कुणीच नाही?” हातोडीवाल्यांनी विचारलं, तसे नानांचे कान लाल झाले आणि पाटी वर गेली. मग पुन्हा. मग पुन्हा.

“साठ हजार एक!”

पुढच्या रांगेतल्या मोत्यांच्या माळेवाल्या बाई गोंधळल्या. म्हातारा स्वतःशीच एवढा झगडतोय म्हणजे पेटीत काहीतरी असणार! त्यांनी पाटी वर केली. मग कोपऱ्यातला फोनवाला उठला. मग दोघांची अशी लागली की आकडा ऐकून मलाच घाम फुटला. प्रत्येक बोलीला नाना खुर्चीत इंचभर ताठ होत होते. शेवटी त्यांनी पाटी मांडीवर उलटी ठेवली. “आता बरां.”

हातोडी पडली, पदकं फोनवाल्याला गेली. माझा जीव भांड्यात पडला.

दाराशी साहेबांच्या चेहऱ्याचा भलामोठा फोटो होता, मिशीसकट हसरा. नाना त्याच्यापुढे थांबले.

“ह्यो कोण रे?”

मी फोटोखालच्या नावावर बोट ठेवलं. “नाना, तुमचे साहेब!”

“असं?” म्हणाले आणि पुढे गेले. म्हणजे पन्नास वर्षं आम्ही ऐकलं ते सगळं थापेबाजी?

टेबलावर लिलाववाले पदकांची पेटी बांधत होते. “जरा थांबा,” म्हणून नानांनी चामड्याचा पट्टा हातात घेतला आणि एक भोक पुढे ओढला. झाकणावर दोन थापा मारल्या. इतक्या हलक्या, की मला वाटलं त्यांचा हात दुखतोय. “सूट, साहेब.” हात मात्र झाकणावरून लवकर निघेना.

टॅक्सीत बसल्यावर मी थेट विचारलं, “नाना, खरं सांगा. साहेबांना ओळखत होतात की नाही?”

नानांनी आपला पट्टा लावला. माझाही ओढून बघितला.

“पळत यायचे. हेल्मेट, मास्क, काळी काच. मी मागून बांधायचो. उतरवून घ्यायला दुसरा असायचा,” ते म्हणाले. “तोंड कुठे बघितलं? मी खांदे ओळखतो.”