परचुरेकाकांचा ब्याण्णवचा आकडा

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतले परचुरेकाका दवाखान्यात गेले, की ताप किती आहे ते विचारत नाहीत. "हा थर्मामीटर शेवटचा कधी तपासून घेतलात?" असं विचारतात. डॉक्टर दुसरा थर्मामीटर काढतात. काका त्याचीही चौकशी करतात.

वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. कोपऱ्यावरची भाजीवाली त्यांना लांबून पाहते आणि आधी तराजू पुसून घेते. "यंत्र आहे ना? मग दाखला दाखवा," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य.

बायपासवर पोलीस वेग मोजायचं यंत्र घेऊन उभे राहू लागले आणि काकांना नवी उमेद आली. सोसायटीत आम्ही आयटीवाले बरेच. सगळ्यांकडे हप्त्यांवरच्या नव्या गाड्या, आणि सगळेच घाईत. मला पहिली नोटीस आली तेव्हा काका न बोलावता हजर.

"लगेच भरू नका. दंड भरलात की गुन्हा कबूल केलात. आकडा बघायला मागणं हा तुमचा हक्क आहे. यंत्र तपासल्याचा दाखला मागणं, हासुद्धा. नाहीच पटलं तर कोर्ट आहे."

चौकीत त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. "शेजारून ट्रक जात होता. मोजलेला वेग ट्रकचा नाही कशावरून?" हवालदारांना दाखला काही सापडेना. शेवटी त्यांनी हात जोडले आणि नोटीस रद्द केली. मी खरंच वेगात होतो, हे काकांना ठाऊक होतं. "तो मुद्दाच नाही," म्हणाले.

स्वतः काका मात्र चाळीसच्या वर कधी गेले नाहीत. त्यांची जुनी मारुती रस्त्यावर आली, की मागे वरात लागायची. काकू म्हणायच्या, "अहो, लग्नात भटजींनी मुहूर्त गाठायची घाई केली, तर हे भटजींचं घड्याळ तपासत बसले. माझ्यासाठी म्हणून हा माणूस कधी धावत आला नाही." हसत म्हणायच्या. पण दर वेळी म्हणायच्या.

आणि एक दिवस खुद्द काकांनाच नोटीस आली. वेग ब्याण्णव!

कात्रजला काकूंच्या भाचीचं लग्न होतं. परतताना बायपासवर काकूंच्या छातीत कळ आली, त्या दुपारची ती नोटीस. काकू वाचल्या. वेळेत आणलंत म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. आता घरी विश्रांती घेत होत्या.

काका चौकीत निघाले, तसा मीही उत्साहाने बरोबर गेलो. हवालदारांनी काकांना पाहताच खुर्ची पुढे सरकवली आणि दाखला समोर ठेवला.

"घ्या काका. या वेळी आधीच काढून ठेवलाय."

काकांनी चष्मा लावला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. दाखल्याची मुदत गेल्याच महिन्यात संपली होती. ते हवालदारांच्याही आत्ताच लक्षात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा पडला.

काकांनी शांतपणे दाखल्याची घडी घालून तो परत दिला. "ठीक आहे. पावती फाडा."

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. "काका, मुदत संपली होती! केस हातात होती!"

"दिसलं मला."

"मग? निदान हॉस्पिटलचे कागद तरी दाखवायचे!"

काका गाडीचं दार उघडून थांबले. "तिला ब्याण्णव सांगून बसलोय ना मी. फार खूश आहे हो ती. आता तो आकडा खोटा कसा पाडू?"

परतताना काकांनी गाडी पस्तीसच्या वर नेली नाही.

घरी काकूंना भेटायला खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू आल्या होत्या. काकू उशीला टेकून सांगत होत्या, "ब्याण्णव! यांनी! पोलिसांच्या मशीनने मोजलंय."

"मशीनचं काय खरं असतं हो?" जोशीकाकू म्हणाल्या.

काकूंचा चेहरा जरासा उतरला. त्यांनी काकांकडे पाहिलं.

चपला काढता काढता काका म्हणाले, "दाखला बघून आलोय मी. यंत्र चोख आहे."