काळ्या काचांची सुमो

बेळगावच्या दवाखान्यात आण्णा सकाळी गेले आणि रडायला कुणाला सवडच मिळाली नाही. दवाखान्याची गाडी दुसरीकडे गेलेली, आणि मढं न्यायचंय म्हटलं की स्टँडवरचे ड्रायव्हर तोंड फिरवत होते. शेवटी आण्णांच्या मुलाने, प्रसेनजीतने, 'पेशंट घरी न्यायचाय' अशी थाप मारून एक सुमो ठरवली. कर्नाटक पासिंग, काळ्याकुट्ट काचा. भर मे महिन्यात आण्णांना माकडटोपी आणि गॉगल चढवून मागच्या सीटवर खिडकीशी टेकवलं. शेजारी आई, बनाबाई.

"आये, गाव येईस्तोवर रडायचं न्हाय," पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसण्याआधी प्रसेनजीत तिच्या कानाशी लागला. "डायवरला कळलं तर वाटंतच उतरवंल."

"आरं, नवरा हाय माझा."

"व्हय, पर आत्ता त्यो पेशंट हाय."

बनाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. नवरा मरून शेजारी बसलाय आणि बायकोने हूं की चूं करायचं नाही, असली शिक्षा वैऱ्यालाही होऊ नये.

ड्रायव्हर फकिराप्पा बैलहोंगलकडचा. निघाल्यापासून त्याने एसी इतका वाढवून ठेवला होता की प्रसेनजीतचे दात वाजायला लागले. पण ही उधळपट्टी आपल्या पथ्यावरच पडतेय हे ओळखून त्याने फक्त शर्टाची कॉलर वर केली.

गडहिंग्लजच्या तोंडाशी पिराजी हवालदारांनी गाडी अडवली. गाड्यांच्या काळ्या फिल्मा काढायचा वरून हुकूम आला होता. हुकुमात राज्याचा उल्लेख नव्हता, ती दुरुस्ती पिराजींनी स्वतः केली होती. इथल्या गाडीची फिल्म काढली की अर्ध्या तासात कुणाचा तरी मामा चौकीत हजर होतो. कर्नाटकातून मामा यायला वेळ लागतो.

"काळी काच चालत न्हाय. काढायची."

"सायेब, आमच्याकडं चालतंय."

"मग तिकडंच चालवायची! हितं कशाला आनलीस?"

एवढ्यात तव्यासारख्या काळ्या काचांची एक इथलीच जीप धुरळा उडवत गेली. पिराजींनी तिला कडक सलाम ठोकला.

"ती काळी नाही काय?" फकिराप्पाने विचारलं.

"ती आमच्यातली हाय. आत कोन हाय ते आमास्नी ठावं असतंय. तुझ्यात कोन हाय ते कळाय नगं?"

"आज्जा हाय, अव्वा हाय. तुम्ही पावती फाडा, पण फिल्म राहू द्या. पाया पडतो."

फकिराप्पा हट्टालाच पेटला. प्रसेनजीत कात्रीत सापडला. फिल्म निघाली तर सगळं जग आत बघणार, आणि हा वाद घालत बसला तर आण्णा उन्हात तापणार.

"पेशंट हाय सायेब, ऊन लागंल," त्याने विनवून पाहिलं.

"पेशंटला उजेड चांगला असतोय," असं म्हणत पिराजींनी ब्लेड काढलं आणि मागचं दार उघडलं. दाराला टेकलेले आण्णा सरळ त्यांच्या छातीवर आले.

"आवं आवं, पावणं! जपून!" पिराजींनी त्यांना सावरलं. "आयला, किती गार पडल्यात हे!"

बनाबाईने डोळे मिटून घेतले.

"एसी, सायेब," फकिराप्पा चटकन म्हणाला. "फुल हाय. कमी करतो म्हटलं, तर आज्जाच नको म्हणतेत."

मेलेल्या माणसाचा शब्द साक्षीला काढलाय, हे घाबरलेल्या प्रसेनजीतच्या ध्यानातही आलं नाही. पिराजींनी आण्णांना नीट बसवलं आणि फकिराप्पाकडे वळले.

"बघ, शीक जरा. एवढा आजारी मानूस, पर सरकारी कामात एक शब्द आडवा बोलला न्हाय."

बनाबाईच्या घशातून हुंदका निसटला. तिने त्याचा खोकला केला.

"आक्का, तुमालाबी एसी बादला जनू," पिराजी कळवळ्याने म्हणाले आणि चारी बाजूंच्या फिल्मा सोलून मोकळे झाले.

आता पुढे बाजारपेठ. आण्णांनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेली, त्यामुळे अख्खं गडहिंग्लज त्यांना ओळखत होतं. गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी चालली आणि सोललेल्या काचांतून आण्णा साऱ्यांना दिसले.

"जयभीम आण्णा! कवा आलासा?"

"आण्णा, बरं हाय न्हवं आता?"

एक कलिंगडवाला तर काचेवर टकटक करायला लागला. "वळख दीनात की आण्णा! बेळगावास्नं येऊन लई ताठ झाल्यात!"

"आये," प्रसेनजीत दात आवळून पुटपुटला, "हात हलीव त्यांचा."

बनाबाईने नवऱ्याचा हात धरला आणि वर उचलून हलवला. उभ्या संसारात तिने चारचौघांत त्यांचा हात धरला नव्हता. आज सारा बाजार बघत होता आणि ती तो धरून बसली होती.

"तब्येत सुधारली की!" कलिंगडवाल्याने समाधानाने सांगितलं.

गडहिंग्लज मागे पडलं. दोन्ही बाजूंना ऊस लागला तशी फकिराप्पाने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, आपल्या बाजूची काच उतरवून रस्ता मोकळा असल्याचं पाहिलं आणि मागे न बघता म्हणाला, "अव्वा, आता रडा. इथं कोन नाही."

प्रसेनजीत गारठला. "तुला कवा कळलं?"

"दवाखान्यातच की. आज्जाला गाडीत ठेवताना पाय कोन धरलं होतं? मीच."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो तर गाडीच्या मालकाला सांगावं लागतंय. मालकाला मढं चालत नाही. मला कळलं नाही, असंच सांगा तुम्ही पण."

"आरं, मग त्या फिल्मसाठी हवालदाराच्या पाया कशाला पडत हुतास?"

फकिराप्पाने समोरचा आरसा बोटाने दाखवला. "अव्वा सकाळपासून पदर चावून बसलीया. मी आरशात बघतोय. बाजार मागं पडला, की गाडी थांबवून काळ्या काचांआड रडून घ्या म्हणणार होतो. बाहेर कोनाला दिसलं नसतं."

प्रसेनजीतने मान वळवून मागे पाहिलं. बनाबाईने आण्णांचा हात अजून तसाच वर धरला होता.

"ठेवू का रं खाली आता?" तिने विचारलं.

"ठेव आये."

तिने तो हात हळूच आपल्या मांडीवर ठेवला, आणि मग तिने असा हंबरडा फोडला की फकिराप्पाने एसी बंद न करता, कुणी ऐकू नये म्हणून आपल्या बाजूची काच घट्ट लावून घेतली.