चौथी बॉबिन

वस्तू निवडण्यात मी आयुष्यात कधी फसलेलो नाही. छताचा पंखा घेताना मी चिखलीतल्या सहा दुकानांत, सहा पंख्यांखाली, प्रत्येकी अर्धा तास बसून पाहिलं होतं. त्यातल्या एका दुकानदाराने तर मला चहा पाजून, घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं होतं. तो पंखा आज सतरा वर्षं फिरतो आहे. तेव्हा बॉबिन निवडण्याचं काम माझ्याकडे आलं यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की ते माझ्याकडे मीच सोपवलं होतं.

बॉबिन म्हणजे शिलाई मशीनची नव्हे! गळाला दोऱ्याने पिसं गुंडाळून एक खोटी माशी बनवतात. ती पाण्यावर टाकली की मासा खरी समजून तिला तोंड लावतो. ही माशी बांधताना दोऱ्याची रीळ हातात धरायला जे हत्यार लागतं, ती ही बॉबिन. तारेचे दोन पाय, पायांच्या मधोमध अडकवलेली रीळ आणि पुढे बोटाएवढी पोलादी नळी. दोरा त्या नळीतून बाहेर येतो. साहेबलोकांची ही कला मला उन्हाळी सुट्टीत मोबाईलवर सापडली. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. वर्गात हल्ली कोणी येत नाही. म्हटलं, निदान मासा तरी यावा.

आता आमच्या घरात अंडंही येत नाही. त्यामुळे पकडलेला मासा मी खडकपूर्णा धरणात पुन्हा सोडून देणार होतो. हे मी माझ्या पत्नीला, प्रतिमाला, समजावून सांगितलं.

"मग पकडता कशाला?"

"ही कला आहे."

"हे त्या माशाला सांगा," ती म्हणाली, आणि कोंबड्याची पिसं उंबऱ्याच्या आत येणार नाहीत, असा हुकूम काढला. म्हणून मी गच्चीवरच्या खोलीत बिऱ्हाड केलं.

मी चार बॉबिन मागवल्या होत्या. वरवर पाहता चारही सारख्याच. पण माझ्यासारख्या माणसाला वरवर पाहता येत नाही! नळीच्या तोंडाची कड जरा जरी खरबरीत असली, तरी ती ऐन मोक्याला दोरा कापते. पायांची पकड घट्ट झाली की दोरा तुटतो, सैल झाली की बॉबिन पायावर पडते. मी वहीत रकाने आखले आणि कसोट्या सुरू केल्या. रोज दुपारी, प्रत्येक बॉबिनला पाच वेळा.

नळीत दोरा घालायला तारेचा एक आकडा मिळतो. तो मी पहिल्याच दिवशी हरवला. पण जाणकार लोक आकडा वापरतच नाहीत, असं त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. ते दोऱ्याचं टोक नळीच्या मागच्या भोकाशी ठेवतात, नळीचं पुढचं तोंड ओठांत धरतात आणि एक दीर्घ श्वास आत घेतात. सुर्रकन दोरा जिभेवर! त्या क्षणी जे समाधान होतं ते शब्दांत सांगता येत नाही. डोळे आपोआप मिटतात.

टेबलावर दोऱ्याला लावायचं मेण मऊ करण्यासाठी मेणबत्ती पेटलेली असे. शेजारी दाढीचं पातं. प्लास्टिकच्या इवल्याशा पुड्यांत माशीच्या पोटाला लावायचा रंगीत भुसा. आणि मी, कॉलेजच्या व्यसनमुक्ती कक्षाचा समन्वयक, डोळे मिटून नळी ओढत बसलेलो.

हे बाहेरून कसं दिसतं, असा रकाना माझ्या वहीत नव्हता.

नेमकं याच दिवसांत आमच्या निवेदिताचं लग्न ठरण्याच्या बेतात होतं. मुलगा तिने स्वतःच निवडला होता. हर्षल नाव, डोणगावचा, तिच्याबरोबर कृषी खात्यात. ती त्याच्याविषयी बोलताना खिडकीबाहेर बघायची, यावरून प्रकरण पक्कं आहे हे मी ओळखलं. मुलाचे वडील रंगराव, मोठे शेतकरी. त्यांना मुलगी पसंत होती, पत्रिका पसंत होती. फक्त रीतीप्रमाणे ते चौकशी करणार होते.

"बाबा, आठ दिवस जरा साध्या माणसासारखे वागा," निवेदिता म्हणाली.

"मी तर खोलीच्या बाहेरही पडत नाही!" मी म्हणालो.

तेच नडलं.

पुढचं मला समोरच्या गीताबाईंकडून कळलं. एका दुपारी धोतर-टोपीतला एक माणूस गल्लीत आला आणि प्लॉट पाहायला आलोय म्हणाला. "प्लॉट पाहणारा मानूस पोरीचं वय कायले इचारन? म्या वळखलंच, हे पोराकडचे हायेत!" गीताबाईंनी आमची तोंड भरून स्तुती केली. सर म्हणजे देवमाणूस. बाई हाताला चांगल्या. पोरगी तर लक्ष्मी. "फकस्त एक..." एवढं बोलून त्या थांबल्या.

"काय?"

"नाही, कायी नाही."

या "कायी नाही"नंतर जगातला कोणताही वरपिता गच्चीवर चढल्याशिवाय राहणार नाही! गीताबाई वाळत घातलेल्या कुरडयांच्या आडून त्यांना गच्चीच्या कठड्यापाशी घेऊन गेल्या. समोर माझी उघडी खिडकी. मेणबत्ती, पातं, पुड्या, नळी. मी श्वास आत घेतला, दोरा आला, डोळे मिटले. रंगरावांनी टोपी काढून हातात घेतली म्हणे.

"कवापासून चालू हाये?"

"अकरा दिवस झाले. रोज चार नळ्या घेते मानूस. पहिल्या तीननं समाधान होत नाही."

गीताबाईंना मी नंतर रागानेच विचारलं, "अहो, मला का नाही विचारलंत?"

"कसं इचारू सर? तुमीच तर महिला मंडळात भाषन देलं. म्हणे, त्या मानसाले टोचून बोलू नका, समजून घ्या. मी समजूनच घेऊन राह्यली होती!"

दोन दिवसांनी डोणगावहून निरोप आला, "विचार करून कळवतो." लग्नाच्या बाजारात या वाक्याचा अर्थ आजवर एकच झालेला आहे. निवेदिता जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. संध्याकाळी हर्षलचा फोन आला आणि ती बोलता बोलता माझ्याकडे वळली. डोळे लाल.

"बाबा, तुम्ही गर्द घेता?"

मी हसलो. खदखदून हसलो. आजूबाजूला कोणीच हसत नाही हे कळल्यावर थांबलो. मग म्हणालो, "एवढंच ना? उद्या डोणगावला जाऊ. मी सगळं साहित्य नेतो, प्रात्यक्षिक करून दाखवतो. सत्य समोर ठेवलं की प्रश्नच मिटतो." पोरगी माझ्याकडे अशा विश्वासाने बघत राहिली, की मला पहिल्यांदा भीती वाटली.

मेहकरमार्गे एसटीने मी आणि प्रतिमा डोणगावला पोचलो. निवेदिता घरीच थांबली. रंगरावांनी सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा मात्र आत थांबवला. हर्षल खांबाला टेकून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. मी पिशवीतून चार बॉबिन, दोरा, गळ आणि पिसं काढून ओळीने मांडली आणि वर्गात सांगतो तसं सगळं सविस्तर सांगितलं. रंगरावांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे नशा नाही?"

"अजिबात नाही!"

"मंग या नळीतून दोरा काढता, त्याची माशी करता."

"बरोबर."

"माशीनं मासा धरता."

"अगदी बरोबर."

"खाता?"

"छे! आम्ही शाकाहारी."

"मंग इकता?"

"नाही. पाण्यात परत सोडून देतो."

रंगरावांनी मांडलेल्या सगळ्या साहित्यावरून नजर फिरवली. मग त्यांनी हर्षलकडे पाहिलं. हर्षलने अंगठा बदलला.

"आजवर किती सोडले?"

"अजून एकही नाही," मी म्हणालो. "आधी बॉबिन निवडायची आहे."

"अन् हे निवडून राह्यले अकरा दिवसापासून."

"पंधरा झाले."

रंगरावांनी आवाज अगदी खाली आणला. दवाखान्यात बोलतात तसा. "सर, एक इचारतो, राग नका मानू. तुमच्या घराण्यात हे अजून कोनाले होतं? वडिलायले?"

"वडिलांचं असं काही नव्हतं," मी अभिमानाने म्हणालो. "ते फक्त बंद घड्याळं जमवायचे. एकोणतीस होती. सगळ्यांना रोज किल्ली द्यायचे."

आतून बांगड्या वाजल्या. कोणीतरी चहाचं पातेलं गॅसवरून उतरवल्याचा आवाज आला.

आता प्रात्यक्षिकच उपयोगी पडेल म्हणून मी तिसऱ्या नंबरची बॉबिन उचलली, नळी ओठांत धरली आणि जोरात श्वास घेतला. दोरा आला. पण कडेने तो कापला आणि चार बोटं दोरा थेट घशात गेला! मी खोकलो, डोळे पांढरे केले, खांबाला मिठी मारली. हर्षल पाणी घेऊन धावला. त्या सगळ्या गोंधळात प्रतिमाने माझ्या पाठीवर एक धपका घातला. तो दोऱ्यासाठी नव्हता, हे मला नंतर कळलं.

"भाऊ," ती रंगरावांना म्हणाली, "आता लपवून काय करायचं? ओढतात ते."

मी दोरा गिळला.

"माश्या, मासे, सगळं माझ्यासाठी रचलेलं नाटक आहे. मला वाईट वाटू नये म्हणून. वर्षभरापासून ओढतात. पण तुम्ही एक शब्द टाकलात तर सुटेल. व्यसन सुटतं. मनावर घेतलं की सुटतं." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगा ना, पोरीसाठी तरी खरं सांगा!"

मी रंगरावांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी उतरत होती. नशेबाज माणूस त्यांना समजत होता. गावात असे चार होते आणि त्यातले दोन सुधारलेही होते. पण मासे पकडून सोडून देणारं रक्त नातवंडांत उतरलं असतं तर त्याला डोणगावात औषध नव्हतं. मला जेवण न केलेली निवेदिता दिसली. व्यसनमुक्तीवर मी आजवर दिलेली बावीस भाषणं दिसली.

"हो," मी म्हणालो. "ओढतो."

"हे पाहा, असा मानूस पाहिजे!" रंगराव उठले आणि त्यांनी मला छातीशी धरलं. "चुकते मानसाचं. पन कबूल कोन करते? चहा आना वं!"

चहा आला. देवघरापुढे बेलाचं पान हातात घेऊन मी शपथ घेतली, की आजपासून नळीला ओठ लावणार नाही. मग रंगराव म्हणाले, "जे हत्यार वापरत होते, ते माह्यापाशी द्या. इवायाची वस्तू म्हणून जपतो."

म्हणजे मी आता त्यांचा इवाई, व्याही, झालो होतो. मला वाटलं, तिसरी द्यावी. तेवढ्यात प्रतिमा पुढे झाली. गेली वीस वर्षं ती घरी ब्लाऊज शिवते. तिने एकेक बॉबिन दोऱ्याने हवेत लटकवली, हलकासा झटका दिला, नळीच्या कडेवर अंगठा फिरवला. तीन खाली ठेवल्या. चौथी झटक्याला बोटभर उतरली आणि तिथेच थांबली.

"ही," ती म्हणाली, आणि रंगरावांच्या हातात दिली. "हीच त्यांची आवडती."

अर्धं मिनिट लागलं तिला. माझ्या वहीतले सगळे रकाने भरून उत्तर तेच येणार होतं, हे मला त्याच क्षणी दिसलं. पण तेव्हा बॉबिन रंगरावांच्या बंडीच्या खिशात गेली होती.

जूनमध्ये लग्न झालं. निवेदिता सुखात आहे. बातमी चिखलीपर्यंत आलीच, पण कॉलेजने मला पदावरून काढलं नाही. उलट आता माझी ओळख "अनुभवी वक्ते" अशी करून देतात आणि विद्यार्थी पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसतात.

दिवाळीत आम्ही डोणगावला गेलो. दुपारचं जेवण झाल्यावर रंगराव म्हणाले, "चाला इवाई, बैल दाखवतो." बैल दाखवायला त्यांनी गोठ्याचं दार आतून का लावलं, हे मला कळेना. मग त्यांनी कडब्याच्या पेंढीत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली.

माझी चौथी बॉबिन!

"तुमची शपथ मोडाची नाही मले," ते कुजबुजले. "तुमी हात नका लावू. फकस्त सांगा. पाच महिने झाले, रोज दुपारी ओढून राह्यलो. तुमच्यासारखे डोये मिटून बी पाह्यले. पन एक डाव चढली नाही! काय भरत होते याच्यात?"

मी शपथ विसरून ती हातात घेतली. नळीच्या कडेवर अंगठा फिरवला. पाच महिने रोज ओठ लागून ती लोण्यासारखी झाली होती. इतकी उत्तम बॉबिन मी आजवर पाहिलेली नाही. माझ्याने खोटं बोलवेना.

"दोरा," मी म्हणालो.

रंगरावांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि परत पेंढीत खोचली. त्यांचा चेहरा पडला होता.

"असू द्या इवाई," ते म्हणाले. "आमी आमचं पोरगं देलं तुमाले, अन् तुमी सादं मालाचं नाव सांगून नाही राह्यले!"