खतगाडीची चाल

"साहेब, हे काय उगवलंय?" गवत कापणाऱ्या ब्लेडमामांनी यंत्र बंद करून विचारलं.

साहेब म्हणजे फुटबॉलच्या मैदानाचे देखभाल पर्यवेक्षक. त्यांनी वाकून पाहिलं. सगळ्या फिकट हिरवळीत एक गडद, लुसलुशीत पट्टा उमटला होता. कोपऱ्याच्या झेंड्यापासून निघून तो पेनल्टी बॉक्सपाशी अडखळला होता, गोलसमोर त्याने स्वतःभोवती गिरकी घेतली होती आणि मधल्या वर्तुळाच्या अलीकडेच तो एकदम थांबला होता. आणि अंतिम सामना या मैदानावर खेळवायचा की नाही, हे ठरवायला तपासनीस येऊ घातले होते.

"रोग असेल," साहेब म्हणाले.

"रोगाने गवत पिवळं पडतं. याने तर बाळसं धरलंय."

"मग चांगला रोग असेल."

साहेबांनी पट्टा ओळखला होता. तो त्यांचाच होता. खत पसरायच्या गाडीची झडप कधीची गंजून एकाच जागी अडकली होती, त्यामुळे खत किती पडणार हे सगळं ढकलणाऱ्याच्या पावलांवर होतं. झपझप चाललं तर कमी, रेंगाळलं तर जास्त. साहेब हे काम दुसऱ्या कुणाला देत नसत. त्यांची चाल घड्याळासारखी होती. निदान मागच्या खेपेला घरून फोन येईपर्यंत होती. गेटवर 'हिरवळीवर मोबाइल वापरू नये' अशी पाटी होती आणि खाली त्यांचीच सही. याच कारणावरून त्यांनी मामांना एकदा चारचौघांत झापलं होतं.

तो फोन आता गवतात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता येत होता.

कोपऱ्याचा झेंडा. "अहो, नळाचं काय केलंत?"

दोन पावलं पुढे. "आज बघतो."

पेनल्टी बॉक्सची कड. "आज हा शब्द तुम्ही गेल्या महिन्यापासून वापरताय. स्वयंपाकघरात मी बूट घालून वावरते. अख्ख्या मैदानाला पाणी कुठे, केव्हा, किती, सगळं कळतं. घरातला एक नळ कळत नाही?"

गोलसमोरची गिरकी. "तुझा आवाज नीट येत नाहीये."

"माझा आवाज शेजारणीला पण नीट येतोय."

मधल्या वर्तुळाच्या अलीकडे. इथे बायकोने फोन ठेवला आणि साहेब पुन्हा झपझप चालायला लागले.

असो. पट्टा घालवणं भाग होतं. साहेबांनी पुन्हा गवत कापायला लावलं. पट्ट्याचा रंग मुळापासून गडद होता, त्यामुळे कापल्यावर तो जास्तच रेखीव दिसायला लागला. मग खत धुऊन जावं म्हणून त्यांनी पट्ट्यावर दिवसभर फवारे सोडले. ओल्या, भरल्या गवताखाली गांडुळं वर आली. गांडुळांमागून पक्षी आले. तपासनीस आत शिरले तेव्हा कोपऱ्यापासून गोलपर्यंत पक्षी ओळीने उभे होते, आणि गोलसमोर ओळीने गिरकीही घेतली होती.

"हे तुम्ही बसवलेत?" तपासनीसांनी विचारलं.

"नाही, आपले आपण बसलेत."

तपासनीस वाकले. पट्ट्यातलं गवत त्यांनी मुठीत धरून ओढलं; ते हलेना. बाजूचं ओढलं, ते हातात आलं.

"एवढाच भाग पोटभर जेवलाय," ते म्हणाले. "बाकी मैदान उपाशी आहे. इतकी वर्षं खत नुसतं दाखवताय वाटतं गवताला. सगळं या पट्ट्यासारखं करा, मग मी पुन्हा बघायला येतो. जमलं नाही तर सामना दुसरीकडे."

ते गेल्यावर साहेबांनी गाडी बाहेर काढली आणि हळू चालायचा प्रयत्न केला. चार पावलं जमलं. पाचव्याला पाय आपोआप सुटले. त्यांनी दात आवळले, श्वास मोजला, पायांना मनातल्या मनात दम दिला. काठावरून मामा बघत होते.

"साहेब, नुसतं हळू चालून असं होत नाही. पट्टा वाकडातिकडा आहे. कुणाशी तरी बोलत होतात तुम्ही."

साहेबांनी खिशातल्या फोनवर हात ठेवला.

"माझी पण घरच्या फोनवर अशीच चाल व्हायची," मामा म्हणाले, "तुम्ही झापेपर्यंत. लावा फोन. मी पाटीकडे पाठ करतो."

साहेबांनी फोन लावला.

"अहो, तुम्ही? आपणहून?" बायकोचा आवाज भलताच गोड होता. "नळ काय छान बसवलात हो काल. एक थेंब नाही."

साहेबांचे पाय भराभर पडायला लागले. हिरवळीवर खत नावालाही पडत नव्हतं.

"तुझी काही तक्रार नाही?"

"नाही बाई. आज तर बिलकूल नाही."

"आठवून बघ ना. परवाचं काही?"

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

साहेब बाजूच्या रेषेपर्यंत पोचून परत फिरलेसुद्धा. सामना हातचा चालला होता. आता काहीतरी द्यायलाच हवं होतं, आणि त्यांच्याकडे देण्यासारखं एकच होतं.

"सुट्टीत आपण तुझ्या भावाकडे जाणार होतो ना," ते म्हणाले, "सामना त्याच दिवसांत येतोय. मी त्याला परस्पर कळवून टाकलंय, जमणार नाही म्हणून."

पलीकडून काहीच आलं नाही. फोन चालू होता. साहेब मधल्या वर्तुळात होते तिथेच उभे राहिले.

"ऐकतेस ना?"

काही नाही.

"हॅलो?"

"साहेब, चाला," मामा काठावरून ओरडले. "सगळं एकाच जागी पडतंय."

साहेबांना चालता येईना. मग बायको बोलायला लागली. तिने भावापासून सुरुवात केली, मागच्या सुट्टीवर आली, तिथून लग्नाच्या बोलण्यांवर गेली, आणि मैदान संपेपर्यंत थांबली नाही. साहेब इतके सावकाश आणि इतके एकसारखे आयुष्यात कधी चालले नव्हते. वळताना मामा दुरून हातानेच दिशा दाखवत होते.

तपासनीस पुन्हा आले तेव्हा मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत दाट, गडद, भरलेलं होतं. फक्त मधल्या वर्तुळात गाडीच्या रुंदीएवढा एक तुकडा जळून पिवळा पडला होता. त्यात एक पातंही जिवंत नव्हतं.

"इथे काय झालं?" तपासनीसांनी विचारलं.

"इथे ती काही बोललीच नाही," साहेब म्हणाले.

ती कोण, हे तपासनीसांनी विचारलं नाही. त्यांनी त्या जागेकडे एकदा पाहिलं. मग आत पाऊल न टाकता, बराच लांबून वळसा घालून पलीकडे गेले, आणि तिथे पोचल्यावर त्यांनी मैदान पास केलं.