शत्रूचा चहा

शत्रुराष्ट्राच्या चहात आपली अद्रक पडू नये म्हणून सरकारनं निर्यातबंदी घातली आणि पिशोरच्या ग्रामसभेनं तिला एकमुखानं पाठिंबा दिला. पहिला हात वच्छलाबाईंचा. गावात सगळ्यात जास्त अद्रक त्यांची. दुसऱ्या कुणाचा हात आधी वर गेलेला त्यांना खपला नसता. त्याच अद्रकीवर नात सायलीचं नर्सिंग ठरलेलं होतं. पण देशापुढं नर्सिंग काय.

पुढच्या आठवड्यात व्यापारी कमरोद्दीन रिकामा टेम्पो घेऊन दारात.

"मावशी, माल उचलता येत नाय."

"दुबईला धाड की."

"दुबईहून तिकडं जातो म्हणत्यात. तेबी बंद."

"मग मुंबईला."

"मुंबईहून जहाज दुबईलाच जातं ना मावशी."

बंदी पाळली जाते का हे बघणाऱ्या गावच्या दक्षता समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनी याच न्यायानं संभाजीनगरची मंडईही बंद केली, कारण तिथला रस्ता मुंबईला जातो. उरला पिशोरचा आठवडी बाजार. तिथं गिऱ्हाइकानं आपले शहरात कुणी पाहुणे नाहीत, अशी समितीची खात्री पटवायची होती. असं गिऱ्हाईक पिशोरात निघालं नाही.

"राहू द्या जमिनीत," वच्छलाबाई म्हणाल्या. भाव पडला की अद्रक काढायची नाही, कंद आणखी पोसतो, ही गावाची रीतच. "घसा बसला की येईल शत्रू हात जोडत."

शत्रू आला नाही, पाऊस आला. अद्रक वाफ्यातच सडली. वास पार शाळेपर्यंत गेला. समितीनं त्याची त्यागाचा दरवळ म्हणून नोंद घेतली. सायली वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्टला जाऊ लागली.

यथावकाश वच्छलाबाईंचा सत्कार त्यांच्याच ओसरीवर झाला. शाल, नारळ आणि सायलीच्या हातचा चहा.

"लई झणझणीत," तात्यासाहेब म्हणाले. "कुठली गं अद्रक?"

"आमच्या कंपनीत पुड्या भरतो, त्यातली. दुबईमार्गे तिकडूनच येते. आपली बंद झाली तवा त्यांनीच लावली म्हणं. लई पिकली."

तात्यासाहेबांनी घसा खाकरला. "ठराव निर्यातीचा आहे. आयातीबद्दल वरून काही आलेलं नाही."

सगळ्यांची नजर वच्छलाबाईंच्या कपावर. त्यांनी खांद्यावरची शाल नीट केली.

"प्या तात्यासाहेब. शत्रूची अद्रक संपवायलाच बसलोय आपण. सायले, वत अजून."

वच्छलाबाईंनी कप खाली ठेवायला हवा होता, असं ज्याला वाटत असेल, त्यानं आधी हातातल्या आपल्या कपाचा वास घेऊन बघावा.